उसनवारी कुठे संपते, चोरी कुठे सुरू होते

दुसऱ्याच्या लेखनातून काही घेणे हा मुळात गुन्हा नाही. तसा तो असता, तर मराठी रंगभूमीवरची कितीतरी उत्तम नाटके आपल्याला मिळालीच नसती. पाहायचे असते ते काय घेतले, त्याचे काय केले आणि ते सांगितले का.

नवव्या शतकात काश्मीरमधल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथाच्या चौथ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, काव्यांमधल्या साम्याचे तीन प्रकार सांगितले. पहिले प्रतिबिंबासारखे, त्याला स्वतःचा जीवच नसतो. दुसरे चित्रासारखे, त्यातला जीव नावापुरता. तिसरे दोन माणसांमधल्या साम्यासारखे. चेहरेपट्टी जुळते, पण माणसे दोन. पहिली दोन कवीने टाळावीत, तिसरे टाळायचे कारण नाही, असा त्याचा निर्वाळा आहे.

आजच्या लेखनात हे असे दिसते. परिच्छेद जसाच्या तसा उचलला, की ते प्रतिबिंब. शब्दांच्या जागी प्रतिशब्द घातले, वाक्ये पुढेमागे केली, पण मुद्द्यांचा क्रम आणि उदाहरणे तीच ठेवली, की ते चित्र. हा दुसरा प्रकार जास्त फसवा. शब्द आपले आहेत, एवढ्यावर लिहिणाराही स्वतःची समजूत घालून घेतो.

तिसऱ्या प्रकारासाठी ‘तीन पैशाचा तमाशा’ पाहावा. जॉन गेचे ‘द बेगर्स ऑपेरा’ १७२८ मध्ये लंडनला रंगमंचावर आले. त्यावरून बर्टोल्ट ब्रेख्तने १९२८ मध्ये बर्लिनमध्ये नवे संगीत नाटक उभे केले आणि त्यावरून पु. ल. देशपांडे यांनी १९७८ मध्ये मराठी तमाशा रचला. सांगाडा एक, पण समाज, बोली आणि संगीत प्रत्येकाचे वेगळे. शिवाय मूळ कोणाचे, हे लपवलेले नाही.

याच साखळीत चोरीचेही उदाहरण आहे. ब्रेख्तने काही गाण्यांत फ्रांस्वा व्हियाँच्या कवितांचा के. एल. आमरने केलेला जर्मन अनुवाद वापरला, पण अनुवादकाचे नाव दिले नाही. समीक्षक आल्फ्रेड केरने १९२९ मध्ये ते उघड केले आणि ब्रेख्तला ते मान्य करावे लागले. म्हणजे एकाच कलाकृतीत कथानकाची उसनवारी निर्दोष आणि ओळींची उचल सदोष असू शकते.

कायद्याचा प्रश्न वेगळा. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले, की कल्पनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. तो मांडणीवर असतो. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. तोवर श्रेय दिले तरी परवानगीची गरज संपत नाही, आणि मुदत संपली तरी दुसऱ्याच्या ओळी आपल्या ठरत नाहीत.

म्हणून लिहून झाल्यावर मूळ मजकूर शेजारी ठेवून वाचावा. आपले असे काही सापडले नाही, तर ते छापायला देऊ नये. सापडले, तर ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव ठळकपणे लिहावे. ऋण मान्य केल्याने कोणताही लेखक लहान होत नाही.