नरकाचा भाता

पेटी वाजवणाऱ्याची नजर कुठलंही भात्याचं वाद्य दिसलं की आधी हातांकडे जाते. स्पेनमधल्या बिल्बाओच्या जुन्या वस्तीतल्या चौकात त्रिकितिशा ऐकताना माझंही तेच झालं. त्रिकितिशा म्हणजे बास्क लोकांचा बटणांचा छोटा अकॉर्डियन. रीड आपल्या पेटीसारख्याच धातूच्या, पण स्वभाव निराळा. पेटीत भाता कसाही हलवा, पट्टी दाबली की सूर तोच. इथे उजव्या हाताचं एकच बटण भाता ओढताना एक सूर देतं, दाबताना दुसरा. त्यामुळे वादक भाता फारसा उघडत नाही. वीतभरातच मनगटाचे झटके, बोटांतून तीन-तीन सुरांचे तुटक गुच्छ. मींड विसरा, लांबवलेला सूरही क्वचितच. शेजारी खंजिरीवाली लय मोडू देत नव्हती. फांदांगो हा नाच संपून आरिन-आरिन हा दुसरा नाच सुरू झाला, तशी बाकावरची म्हातारी माणसंसुद्धा उठली.

हे वाद्य बास्क प्रदेशात एकोणिसाव्या शतकात आलं, बहुधा रेल्वेच्या कामावरच्या इटालियन मजुरांबरोबर. त्याच्या तालावर पोरंपोरी बिलगून नाचतात म्हणून पाद्र्यांनी त्याला ‘नरकाचा भाता’ ठरवलं. आपल्या पेटीलाही आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. कारण वेगळं, नाक मुरडणं तेच.

जत्रेतल्या या वाद्याला जगाच्या रंगमंचावर नेलं ते मुख्यतः केपा युंकेराने. जन्म १९६५, बिल्बाओचा. वादन बव्हंशी स्वतःच शिकलेला. १९९८च्या ‘बिल्बाओ ००:००’ या दुहेरी अल्बममध्ये त्याने मादागास्करचा जस्टिन वाली, अमेरिकेचा बँजोवादक बेला फ्लेक अशी मंडळी जमवली. २००४ साली ‘के’ या अल्बमला लॅटिन ग्रॅमी मिळालं. काही तुकड्यांत पाहुण्यांची गर्दी होते, हेही खरं. मात्र चालापार्ता शेजारी आली की तो खुलतो. चालापार्तात दोघे जण लाकडी फळ्यांवर जाड दांड्यांनी आळीपाळीने आघात करतात, एकाने सोडलेली जागा दुसरा भरतो. त्या फटींत त्रिकितिशाचे तुटक सूर नेमके बसतात. नवेपणासाठी त्याने वाद्याचा तुटकपणा घासून गुळगुळीत केला नाही. उलट त्याला शोभेल अशी संगत शोधली.

२०१८च्या अखेरीस युंकेराला पक्षाघाताचा मोठा झटका आला आणि वादन थांबलं. ध्वनिमुद्रणं मात्र मुबलक आहेत. पेटीवाल्यांनी ‘बिल्बाओ ००:००’पासून सुरुवात करावी, आणि आधी चालापार्ताचे तुकडे ऐकावेत.