रात्री लेन्स, दिवसा मोकळे डोळे

झोपण्यापूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स काढायचीच, असं लेन्स वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी बजावलं जातं. ऑर्थोकेरॅटॉलॉजीत मात्र नेमकं याच्या उलट चालतं. खास घडवलेली कडक लेन्स रात्री डोळ्यात घालून झोपायचं आणि सकाळी ती काढून ठेवायची. मग दिवसभर चष्म्याशिवाय फळ्यावरचं वाचता येतं. डॉक्टर या पद्धतीला थोडक्यात ‘ऑर्थो-के’ म्हणतात.

मायनस नंबरच्या डोळ्यात लांबून येणारा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, म्हणजे कॉर्नियाचा बाक थोडा कमी केला, की हा प्रकाश मागे सरकून पडद्यावर पडतो. त्यासाठी या लेन्सचा मधला भाग मुद्दाम चपटा ठेवलेला असतो आणि त्याभोवतीचं वलय जास्त खोलगट असतं. लेन्सखाली अश्रूंचा अगदी पातळ थर असतो. त्या थराचा दाब मध्यभागी आणि कडेला वेगवेगळा पडतो. त्यामुळे कॉर्नियाचं सर्वांत वरचं आवरण मध्यभागी पातळ होतं आणि भोवती जाड. हे आवरण मुळातच सुमारे 50 मायक्रॉनचं. त्यात दहा-वीस मायक्रॉनचा फरक पडला तरी दोन-तीन नंबर उतरतो. पहिल्या रात्रीतच बराच बदल होतो, पुरता परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लेन्स बंद केली, की काही दिवसांत कॉर्निया पुन्हा मूळ आकारावर येऊ लागतो.

कल्पना जुनी आहे. शिकागोच्या जॉर्ज जेसेन यांनी 1962 साली चपट्या लेन्सने नंबर उतरवण्याचे प्रयोग मांडले. पण त्या काळच्या प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन जात नसे. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, त्याला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून मिळतो, आणि पापण्या मिटल्या की तोही कमी पडतो. तसली लेन्स रात्रभर ठेवणं शक्यच नव्हतं. ऑक्सिजन आरपार जाऊ देणारं साहित्य आलं, मध्ये चपट्या आणि भोवती खोलगट अशा उलट्या वळणाच्या लेन्स निघाल्या, आणि 2002 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उणे सहा नंबरपर्यंत रात्रीच्या वापराला पहिली परवानगी दिली.

आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, चष्मा जाईल का? पण शाळकरी मुलाच्या बाबतीत त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे: डोळा किती वेगाने लांब होतोय? मुलांचा नंबर वाढतो तो प्रामुख्याने कॉर्नियापासून पडद्यापर्यंतचं अंतर वाढल्यामुळे. मोठ्या माणसात हे अंतर साधारण 24 मिलिमीटर असतं. त्यात एका मिलिमीटरची भर पडली, तर अडीच-तीन नंबर वाढतो. डोळा ताणला गेला की पडदाही ताणला जातो. पुढे तो फाटण्याचा, सरकण्याचा आणि काचबिंदूचा धोका वाढतो.

हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात पॉलिन चो आणि सिन वान चेउंग यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला ऑर्थो-के, दुसऱ्याला साधा चष्मा. 2012 मध्ये निकाल आला. दोन वर्षांत चष्म्याच्या गटात डोळा सरासरी 0.63 मिलिमीटर वाढला होता, लेन्सच्या गटात 0.36 मिलिमीटर. म्हणजे वाढ थांबली नव्हती, पण चाळीस टक्क्यांहून जास्त मंदावली होती. पडद्याच्या कडेच्या भागावर पडणाऱ्या प्रकाशाचा केंद्रबिंदू बदलतो आणि डोळ्याला लांब होण्याचा इशारा कमी मिळतो, असं त्यामागचं प्रमुख स्पष्टीकरण आहे.

इथे एक गैरसमज घात करतो. सकाळी लख्ख दिसतं म्हणून नंबर ‘बरा झाला’ असं वाटतं. आधीच लांबलेला डोळा काही आखूड होत नाही. पडद्याची तपासणी पूर्वीइतकीच गरजेची राहते, आणि डोळ्याची लांबीही ठरावीक काळाने मोजावी लागते.

लेन्स बसवण्याचं कामही दुकानात चष्मा निवडण्याइतकं सोपं नाही. आधी कॉर्नियाच्या चढउतारांचा नकाशा काढतात. मग लेन्स घालून डोळ्यात फ्लोरेसिन हा रंग सोडतात आणि निळ्या प्रकाशात बघतात. अश्रू जिथे साठले तिथे हिरवं चमकतं. मध्ये काळसर गोल आणि भोवती उजळ हिरवं कडं दिसलं, तर लेन्स मधोमध बसली आहे. ती एका बाजूला सरकली, तर दिसणं दुहेरी किंवा विस्कटलेलं होतं. नीट बसलेल्या लेन्सनंतरही काहींना अंधारात दिव्यांभोवती वलयं दिसतात. रात्री गाडी चालवणाऱ्या प्रौढांनी हे आधीच विचारून घ्यावं.

खरी भीती जंतुसंसर्गाची आहे. 2001 च्या सुमारास चीन आणि आसपासच्या देशांतून ऑर्थो-के वापरणाऱ्या मुलांच्या कॉर्नियावर जखमा झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. काहींची नजर कायमची अधू झाली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीनुसार दहा हजार मुलांनी वर्षभर लेन्स वापरली, तर सुमारे चौदा जणांना असा संसर्ग होतो. आकडा लहान आहे, पण त्यातलं बरंचसं घरच्या शिस्तीवर अवलंबून असतं.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे साधं पाणी. नळाचं, टाकीचं, फिल्टरचं, अगदी उकळून गार केलेलंसुद्धा लेन्सला किंवा डबीला लावायचं नाही. त्यातला अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव कॉर्नियात शिरला, तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. हात साबणाने धुवायचे आणि स्वच्छ कपड्याने कोरडे करायचे. लेन्स फक्त तिच्या द्रावणाने चोळून धुवायची, कालचं द्रावण ओतून द्यायचं आणि डबीही बदलत राहायची. सकाळी लेन्स चिकटल्यासारखी वाटली, तर ओढायची नाही. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब घालून ती हलू लागेपर्यंत थांबायचं. आठ वर्षांच्या मुलावर हे सगळं सोपवता येत नाही. ज्या घरात रोज रात्री आणि सकाळी एक मोठं माणूस शेजारी उभं राहू शकत नाही, तिथे चष्माच बरा. चष्म्यातही डोळ्याची वाढ मंदावणारी खास भिंगं मिळतात, आणि कमी मात्रेच्या अ‍ॅट्रोपिनच्या थेंबांचा पर्यायही आहे.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर त्या रात्री लेन्स घालायची नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं आणि लेन्स, डबी, द्रावणाची बाटली सोबत न्यायची. डबी त्याआधी धुवू नये, कारण कोणता जंतू आहे हे कधीकधी तिच्यातूनच कळतं.