मांजराच्या पोटाचे दुखणे : घरचा उपाय किती, दवाखाना केव्हा?

आमच्या सातारा-सांगली भागात कष्टकऱ्याच्या घरातले मांजर सहसा विकत आणलेले नसते. धान्याच्या पोत्यावर उंदीर पडतात म्हणून शेजारीपाजारी कुणीतरी पिलू आणून देतो. दोन महिन्यांत ते घरचे होते, मुलांच्या अंथरुणात झोपते. आजारी पडले की मात्र आपण म्हणतो, "मांजरच ते, होईल बरं." आम्हीही तेच म्हणालो होतो. त्याची चुटपुट अजून आहे, म्हणून हा लेख.

आम्ही राहतो साताऱ्यात. आमची आक्का विट्याला दिली आहे. विटा हे सांगली जिल्ह्यातले यंत्रमागांचे गाव. आक्काच्या घराशेजारीही माग चालतात. तिची मनी नावाची मांजर एका सोमवारी ओकू लागली. आम्ही त्या वेळी तिथेच होतो. आक्का म्हणाली, "आरं, केसाचा गुळा आसंल. पडंल दोन दिसांत." आम्हीही मान डोलावली. चमचाभर गोडेतेल बळेबळे पाजले. मंगळवारी मनीने अन्न सोडले. बुधवारी ती माचाखाली जाऊन बसली. गुरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन गेलो तर लोक हसतील, असे आक्काला वाटत होते. गुरुवारी नेली तेव्हा डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवले. जिभेच्या बुडाशी सुताचा धागा अडकला होता आणि त्याचे दुसरे टोक आतड्यात गेले होते. शस्त्रक्रियेची तयारी होईपर्यंत मनी गेली. मुले दोन दिवस नीट जेवली नाहीत.

यात केसांचा गोळा नव्हताच. तरीही केसांचा गोळा हे खरे दुखणे आहे आणि त्यावर घरचे साधे उपाय चालतात. दोन्हींतला फरक कळला पाहिजे.

गोळा होतो कसा?

मांजराची जीभ कानशीसारखी खरखरीत असते. तिच्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना सुटे केस त्या काट्यांत अडकतात आणि ते थुंकता येत नाहीत म्हणून गिळले जातात. बहुतेक केस विष्ठेवाटे निघून जातात. काही पोटात साचतात आणि मांजर ते ओकून टाकते. नाव गोळा असले तरी तो बहुधा करंगळीसारखा लांबट असतो. लांब केसांच्या मांजरांत आणि केस गळण्याच्या दिवसांत हा त्रास जास्त. अंगावर पिसवा झाल्या असतील तर खाजेमुळे मांजर जास्त चाटते आणि गोळेही वाढतात.

महिन्या-दोन महिन्यांतून एखादा गोळा पडला आणि नंतर मांजर नेहमीसारखे खाऊ-खेळू लागले तर घाबरण्याचे कारण नाही.

घरी काय करावे?

पहिला उपाय फणीचा. एक जुनी फणी मांजरासाठी वेगळी ठेवा. केस ज्या दिशेला वळलेले असतील त्याच दिशेने दररोज पाच मिनिटे फिरवा. शेवटी ओला हात अंगावरून फिरवला की उरलेले सुटे केस हाताला येतात. फणीत आलेला केस पोटात जात नाही. यापेक्षा स्वस्त औषध नाही.

दुसरा उपाय पाण्याचा. मांजर मुळातच पाणी कमी पिते. पसरट भांड्यात ताजे पाणी घरात दोन-तीन जागी ठेवा. मीठ, मसाला, कांदा, लसूण न घालता कोंबडी उकडली तर ते पाणी कोमट करून द्या. सुके बोंबील खारट असतात, ते देऊ नयेत.

तिसरा उपाय लाल भोपळ्याचा. भोपळा नुसता उकडून कुस्करावा आणि मोठ्या मांजराला दिवसातून एक लहान चमचा खाण्यात मिसळून द्यावा. त्यातल्या चोथ्याने पोट साफ व्हायला मदत होते.

मांजराला गवत खाण्याची सवय असते. डब्यात मूठभर गहू पेरून त्याचे कोवळे गवत देता येते. मात्र ज्वारी पेरू नका. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावरांना विषबाधा होते, हे शेतात राबणाऱ्याला सांगायला नको.

जुलाब झाले आणि मांजर मोठे व हुशार असेल, तर आधी दूध बंद करा. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या मनात पक्की बसली आहे, पण वाढलेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही. हाडे काढलेली, बिनमिठाची उकडलेली कोंबडी थोडी थोडी चार वेळा द्यावी, पाणी समोर असावे. पोटाला विश्रांती म्हणून मांजराला दिवसभर उपाशी ठेवू नये. सतत उपाशी राहिल्यास, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. एका दिवसात जुलाब आटोक्यात आले नाहीत तर दवाखाना.

हे कदापि करू नये

आमच्यासारखे तेल बळेबळे पाजू नका. ते घशातून फुफ्फुसात उतरू शकते. तूप-तेल पोटात गेले तरी ते पचून जाते, त्याने गोळा सरकतोच असे नाही, उलट जुलाब होतात. एरंडेलही नको. गोळ्यासाठी मलमासारखे औषध मिळते, ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

माणसाच्या गोळ्या तर मुळीच नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची ताकद त्याच्या यकृतात नसते. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून मांजर पाय चाटते, तेही विषच आहे. फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला बाहेर ठेवावे.

दवाखान्यात केव्हा?

दिवसातून दोन-तीनपेक्षा जास्त ओकाऱ्या, चोवीस तास अन्न बंद, उबळ येते पण बाहेर काही पडत नाही, पोट फुगले, शी थांबली किंवा रक्त पडले, तर थांबू नका. मान लांब करून वारंवार खोकणे हा गोळा नसून दम्यासारखा आजारही असू शकतो. बोका कुंथत असेल तर बद्धकोष्ठ समजू नका. त्याची लघवी तुंबली असेल तर एका दिवसातही जीव जातो. लहान पिलाला ओकाऱ्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी न्या. एका विषाणूच्या आजाराने पिले भराभर मरतात. त्यावर लस आहे, ती वेळेवर टोचून घ्यावी.

आणि धागा. सूत, शिलाईचा दोरा, संक्रांतीचा मांजा, काहीही तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसले तर ओढू नका. नाडी ओढली की लेंग्याच्या नेफ्याला चुण्या पडतात, तशा चुण्या धाग्याने आतड्याला पडतात, आणि ओढल्यास आतडे कापले जाते. तसेच दवाखान्यात न्या. माग, शिलाई मशीन असलेल्या घरांनी दोऱ्याचे तुकडे रोज गोळा करून झाकणाच्या डब्यात टाकावेत.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला आपण गुरांचा दवाखाना म्हणतो, पण तिथे मांजरही नेता येते. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे. नेताना मांजर कापडी पिशवीत किंवा झाकणाच्या पाटीत घ्यावे. काय खाल्ले, किती वेळा ओकले, शी केव्हा झाली, हे कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

आक्काकडे आता मनीच्याच रंगाचे दुसरे मांजर आहे. आक्काची नात रोज संध्याकाळी त्याला फणी करते. मागच्या पावसाळ्यात ते दोनदा ओकले, तशी आक्का भरपावसात त्याला पिशवीत घालून निघाली. शेजारीण हसली. आक्का म्हणाली, "हस बाई. मागल्या येळंला मी लाजले, त्येचं काय झालं म्हाईत हाय न्हवं?"