वऱ्हाडचा कापूस आणि जुन्या वह्या

तेल्हाऱ्याच्या बाजारांत कापसाची गाडी उभी राहिली कीं शेतकरी प्रथम भाव विचारतो. हा भाव दूर देशीं ठरूं लागला तो केव्हांपासून आणि कां, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

१८५३ सालीं निजामानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या स्वाधीन केला. १८६१ त अमेरिकेंत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला व त्यांची दृष्टि आमच्या काळ्या जमिनीवर खिळली. १८६५ त तें युद्ध संपतांच भाव कोसळले. १८६७ त आगगाडी नागपुरास पोहोंचली, आणि तिच्यामागून कापसाची लागवड वाढतच गेली. शेतसारा रोखीनें भरावयाचा, म्हणून ज्वारीच्या शेतांत कापूस शिरला. १८९९-१९०० च्या दुष्काळांत घरीं कापूस असला तरी तो खातां येत नव्हता!

प्रा. लक्ष्मण सत्य यांनीं १९९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस आणि दुष्काळ यांवर ग्रंथ लिहिला. २०१४ त स्वेन बेकर्ट यांनीं कापसाच्या जागतिक इतिहासांत वऱ्हाडास स्थान दिलें. राष्ट्रांची संपत्ति त्यांच्या संस्थांवर अवलंबून असते, या संशोधनास २०२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. संस्था आम्हांसहि होत्या. १८८६ त कारंजास नियंत्रित बाजार झाला, १८९७ त वऱ्हाडासाठीं बाजाराचा कायदा झाला. परंतु संस्था आहे एवढ्यानें भागत नाहीं. ती कोणाच्या हितासाठीं चालते, हा खरा प्रश्न होय.

कोणी म्हणेल, जुने भाव मोजून आजचें पोट भरतें काय? आमचें उत्तर असें, कीं रोगाचें मूळ न जाणतां दिलेलें औषध वायां जातें. वऱ्हाडांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्या आजहि थांबलेल्या नाहींत, आणि उपाय मात्र दर हंगामास नवे निघतात.

या प्रश्नाचा पुरावा परदेशीं ग्रंथालयांत आहे, तसा तो घरींहि असूं शकतो. जिनांचे हिशेब, सावकारी खतें, बाजाराच्या नोंदी, तलाठ्याचीं दप्तरें यांपैकीं जें जें उरलें असेल तें जपलें पाहिजे. अमरावतीचें विद्यापीठ आणि अकोल्याचें कृषि विद्यापीठ यांनीं विद्यार्थ्यांस गांवोगांव पाठवून त्यांच्या नकला कराव्या. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, आणि वाळवी कोणासाठीं थांबत नाहीं. आमचा हिशेब इतरांनीं मांडला याबद्दल त्यांचे आभार. परंतु तो तपासण्याचें काम आमचेंच आहे.