सात वजाबाक्यांत ६१७४

कागद-पेन्सिल घ्या आणि १९०५ ही संख्या लिहा. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१० होतात, चढत्या क्रमाने मांडले की ०१५९. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचंही पुन्हा तेच करा. आणि करत राहा.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आठव्यांदा? पुन्हा ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! आता हवी ती चार अंकी संख्या घ्या, तुमचं जन्मसालसुद्धा चालेल. चारही अंक एकसारखे नसावेत, एवढीच अट. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचताच!

हे ज्यांना सापडलं ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर डहाणूचे, जन्म १९०५चा. देवळालीच्या शाळेत ते शिकवत. हाताशी ना संगणक ना विद्यापीठातली खुर्ची, पण आकड्यांचं वेड अफाट. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर पोहोचलं. आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

पण एवढ्या साऱ्या संख्या एकाच ठिकाणी येतात कशा? गुपित पहिल्याच वजाबाकीत आहे. तिचं उत्तर केवळ दोन फरकांवर ठरतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक घ्या, त्याला ९९९ ने गुणा. अंक क्रमाने मांडल्यावर मधे येणाऱ्या दोन अंकांतला फरक घ्या, त्याला ९० ने गुणा. दोन्हींची बेरीज म्हणजे उत्तर. १९०५ मध्ये हे फरक ९ आणि ४; ८९९१ अधिक ३६० म्हणजे बरोबर ९३५१. आता, दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा असूच शकत नाही. म्हणून अशा जोड्या होतात फक्त ५४! पुढे शून्य असलेल्याही धरल्या तर एकूण ९,९९० संख्या आहेत. एका वजाबाकीत त्या सगळ्या नरसाळ्यात ओतल्यासारख्या ५४ उत्तरांत उतरतात. त्या ५४ मध्ये स्वतःलाच पुन्हा जन्म देणारी संख्या एकच. ६१७४ चे फरक ६ आणि २. ५९९४ अधिक १८० किती होतात, बघा बरं!

या सगळ्यात शून्य काय करतं? १११२ घेऊन बघा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. पुढचं शून्य ‘बिनकामाचं’ म्हणून टाकलंत, तर ९९९ वजा ९९९, हाती भोपळा आणि खेळ खलास. तेच शून्य जपून ०९९९ लिहा: ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, आणि मग ६१७४! ज्याची किंमत काहीच नाही, त्याने नुसती जागा अडवून सगळा निकाल फिरवला.

तीन अंकी संख्यांचंही असंच एक मुक्कामाचं ठिकाण आहे, ४९५. मग पाच अंकी संख्यांचं कोणतं? कोणतंच नाही! त्या तीन वेगवेगळ्या चक्रांपैकी एकात अडकून फिरत राहतात. सर्वांत छोट्या चक्रात दोनच संख्या आहेत: ५३९५५ मधून निघते ५९९९४, आणि ५९९९४ मधून पुन्हा ५३९५५. एक अंक वाढला आणि मुक्कामच नाहीसा झाला. हे शोधायला लागते ती फक्त चौथीतली वजाबाकी, आणि एकदा उत्तर आलं तरी पुन्हा वजा करून बघण्याची हौस.