प्रौढांचा स्वीकारार्ह चावा : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी काही निकष

‘दात शिवशिवतात, एखादे चांगले मंजन द्या’, असे म्हणणारा रुग्ण चिकित्सालयात व औषधालयात नित्य भेटतो. दंतहर्ष समजून आपण मंजन देतो, गंडूषासाठी तेल सुचवितो. पुष्कळांना उपशय मिळतो, काहींना मिळत नाही. अशा वेळी वरखालचे दात परस्परांवर कसे बसतात, म्हणजेच चावा कसा आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

आधुनिक दंतशास्त्रात एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिली कायमची दाढ प्रमाण मानली. वरच्या दाढेचा गालाकडील पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या गालाकडील खाचेत बसावा, हा त्यांचा निकष. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी १९७२ मध्ये, तारेचे उपचार न झालेल्या १२० उत्तम दंतरचनांवरून सहा लक्षणे मांडली. पटाशीचे वरचे दात खालच्या दातांच्या सुमारे २ ते ३ मिलिमीटर पुढे असावेत व त्यांनी खालच्या दातांचा साधारण एकतृतीयांश भाग झाकावा, असे सामान्यतः मानले जाते. काश्यपसंहितेतील दंतसंपदेच्या वर्णनातही पूर्णता, समता, घनता यांबरोबर वरचे दात किंचित उन्नत असणे हे लक्षण येते, याचे स्मरण येथे होते.

तथापि आदर्श चावा आणि स्वीकारार्ह चावा एक नव्हेत. खालचे पुढचे दात थोडे दाटीवाटीने असणे प्रौढांत सामान्य आहे. तेवढ्याने ती व्याधी ठरत नाही. तोंड मिटताच दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी टेकणे, एखादा दात आधी न लागणे, जबडा वेदनेविना हलणे, अन्न नीट चावले जाणे आणि दातांची झीज वा हालचाल वाढती नसणे, एवढे असल्यास तो चावा कामाचा समजावा. केवळ आदर्श गाठण्यासाठी निरोगी दात घासून घेण्याचा सल्ला देऊ नये.

आमची विनंती एवढीच, की मंजनाची दुसरी डबी देण्यापूर्वी रुग्णास विचारावे : नुकतीच कॅप बसविली आहे काय? दातात सिमेंट वा चांदी भरली आहे काय? चावताना एकच दात दुखतो काय? झोपेत दात खाण्याची सवय आहे काय? उंच राहिलेली कॅप मंजनाने खाली येत नाही. उलट झिजलेल्या दातांवर खरखरीत मंजन घासल्यास झीज वाढते.

मार लागल्यानंतर चावा अचानक बदलला तर अस्थिभग्न अथवा संधिच्युतीची शंका घेऊन रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. पुढचे दात हळूहळू पुढे सरकून फटी पडू लागल्यास हिरड्यांच्या व हाडाच्या विकाराची तपासणी करवून घ्यावी. खालचे दात टाळूच्या हिरडीस टोचत असल्यासही दंतवैद्यांचे मत घ्यावे. योग्य वेळी दुसऱ्या शास्त्राकडे पाठविणे, हाही चिकित्सेचाच भाग होय.