जुन्या ट्रॅक्टरचे मडगार्ड घरच्या घरी बदलणे

ट्रॅक्टरच्या इंजिनात बिघाड झाला म्हणजे काम त्याच क्षणी थांबते, आणि म्हणून त्याची दुरुस्तीही तातडीने होते. मडगार्डाचे तसे नाही. ते वाकले, फाटले, गंजून त्यास भोके पडली, तरी नांगरट चालूच राहते. त्यामुळे तारेने बांधलेली मडगार्डे आणि एका बाजूस मडगार्डच नसलेले ट्रॅक्टर आपल्या खेड्यांतून सर्रास दृष्टीस पडतात. चालकाच्या डोळ्यांस ते उणेपण कालांतराने दिसेनासे होते. वस्तुतः ही दुरुस्ती दोन माणसांना घरच्या अंगणात एका दिवसात करता येण्यासारखी आहे. ती कशी करावी हे सांगण्यापूर्वी ती का करावी, हे थोडक्यात पाहू.

मडगार्ड केवळ चिखल अडविण्यासाठी असते, असा पुष्कळांचा समज आहे. पण चालकाची बैठक दोन मागल्या चाकांच्या मधोमध असते आणि त्याचा दंड चाकापासून हातभर अंतरावर असतो. ३५ ते ४० अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरच्या मागल्या चाकाचा घेर सुमारे ४ मीटर भरतो. ताशी २० किलोमीटर वेगाने रस्त्यावरून जाताना हे चाक एका सेकंदाच्या आतच पुरता फेरा घेते. चाकाचा वरचा भाग नेहमी पुढच्या दिशेने फिरत असतो. म्हणजे धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर टायरच्या दात्यांत सापडला, तर तो पुढे आणि मग खाली, थेट चाकाखाली ओढला जातो. ट्रॅक्टरचे वजन दीड टनाहून अधिक, आणि त्यातील मोठा वाटा मागल्या चाकांवर. माणूस आणि हे चाक यांच्यामध्ये असतो तो एवढा एक पत्रा.

आता हा पत्रा निकामी का होतो ते पाहा. ट्रॉली मागे घेताना चाक फार वळविले, तर ट्रॉलीचा पुढचा कोपरा मडगार्डावर आदळतो. बांधावरच्या बाभळीची फांदी लागते. आतल्या बाजूस चिखल साचून राहतो आणि त्यात युरियासारख्या खतांचे कण मिसळले म्हणजे ते हवेतील ओल धरून ठेवतात; मग पत्रा वरून रंगीत दिसत असला तरी आतून खाल्ला जातो. परंतु सर्वांत मोठे कारण म्हणजे मडगार्डाचा बाकासारखा होणारा उपयोग. शेताकडे जाताना एका बाजूस गडी, दुसऱ्या बाजूस शाळेतून येणारे पोर, असे चित्र आपण रोज पाहतो. खाचखळग्यांतून जाताना बसलेल्या माणसाचे वजन हिसक्याने पत्र्यावर येते आणि बोल्टाच्या भोकांपाशी बारीक चिरा पडतात. एके दिवशी त्या चिरा एकमेकींस मिळतात, आणि त्या वेळी वर कोणी बसलेले असते! ट्रॅक्टरच्या नोंदणीत बहुधा एकाच बैठकीची नोंद असते, ती चालकाची. असा अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईचा प्रश्नही कुटुंबास फार बिकट होतो.

मडगार्ड दुरुस्त करावे की बदलावे, हे ठरविण्यास सोपी कसोटी आहे. आतला चिखल खरवडून, धुऊन, पत्रा वाळू द्यावा. मग जुना पेचकस घेऊन बोल्टांच्या भोवती आणि खालच्या कडेस जोराने टोचून पाहावा. टोक आत शिरले तर पत्रा संपला असे समजावे; त्यावर ठिगळ लावून वेल्डिंगचा खर्च करू नये, कारण सडलेल्या पत्र्यास वेल्डिंग धरत नाही. पत्रा ठणठणीत असून नुसता वाकला असेल, तर मात्र तो काढून, ठोकून सरळ करता येतो.

नवे मडगार्ड मिळविण्यात ट्रॅक्टरच्या कुळीप्रमाणे फरक पडतो. मॅसी फर्ग्युसन किंवा महिंद्र यांच्या जुन्या नमुन्यांचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात अजून मिळतात. हरियाणातील पिंजोर येथे एच.एम.टी.ने १९७१ साली झेटर धाटणीचा २५११ हा ट्रॅक्टर काढण्यास आरंभ केला. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. तेव्हा अशा ट्रॅक्टरांच्या मालकांना भंगार बाजार किंवा गावचा पत्राकाम करणारा कारागीर, हेच दोन मार्ग उरतात. कारागिराकडून करवून घ्यावयाचे तर १४ गेजचा, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडीचा पत्रा सांगावा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे ध्यानात ठेवावे. १८ किंवा २० गेजचा स्वस्त पत्रा दोन महिन्यांत थरथरून फाटतो. मोजमापासाठी सिमेंटची रिकामी पिशवी उसवून चांगल्या बाजूच्या मडगार्डावर ताणावी आणि कडा व भोके कोळशाने उमटवून घ्यावीत. मात्र डावे व उजवे मडगार्ड एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात. कारागिराकडे देताना पिशवी उलटी करून, तिच्यावर ‘डावे’ किंवा ‘उजवे’ असे ठळक लिहावे.

बोल्टांविषयी दोन शब्द अधिक सांगणे जरूर आहे. मॅसी फर्ग्युसन किंवा इंटरनॅशनल बी-२७५ या घराण्यांतील जुन्या ट्रॅक्टरांचे आटे बहुतेक इंची मापाचे असतात, झेटर धाटणीच्या ट्रॅक्टरांचे मिलिमीटरचे. अर्धा इंची नटात १२ मिलिमीटरचा बोल्ट सहज शिरतो, पण तो आट्यांत पुरता बसत नाही आणि धक्क्यांनी निसटतो. म्हणून जुना बोल्ट नमुन्यादाखल बरोबर घेऊनच दुकानात जावे. मिलिमीटर मापाच्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ हा आकडा आणि इंची बोल्टाच्या डोक्यावर तीन रेषा असतील, तर तो बोल्ट या कामास पुरेसा कणखर समजावा. बिनखुणेचे बोल्ट खाटेला ठीक, ट्रॅक्टरला नव्हेत.

प्रत्यक्ष कामासाठी सपाट, टणक जागा निवडावी. आदल्या रात्री सर्व गंजलेल्या नटांवर थोडे डिझेल व जुने ऑइल मिसळून सोडावे. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे, ड्रमचे आहेत, तेथे हे मिश्रण ड्रमकडे ओघळणार नाही अशा बेताने चिंधीने लावावे. सकाळी औजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी उटी लावाव्यात. नंतर बॅटरीची जी तार ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली आहे ती प्रथम सोडवावी. ती नेहमी ऋण खुणेचीच असते असे नाही. काही जुन्या ब्रिटिश धाटणीच्या ट्रॅक्टरांत धन खुणेची तार अंगाला जोडलेली आढळते. यासाठी डोळ्यांनी पाहून खात्री करावी. मागल्या दिव्याच्या तारा सोडविताना प्रत्येकीस रंगीत दोरा बांधून ठेवावा.

मागली चाके रुंद अंतरावर बसविलेली असतील, तर पुष्कळ ट्रॅक्टरांत चाक न काढताच मडगार्ड वर उचलून घेता येते. पाना बोल्टापर्यंत पोहोचत असेल तर चाकास हात लावू नये, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. वजन वाढविण्यासाठी मागल्या टायरमध्ये पाणी भरलेले असते, ते एका चाकात दीडशे ते दोनशे लिटर भरते. असे चाक कलले तर दोघांनाही आवरत नाही. काढणे भागच असेल तर चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट थोडे सैल करावेत, मग ॲक्सलच्या कवचाखाली जॅक लावावा आणि लगेच रुंद सागवानी किंवा बाभळीचे ठोकळे रचून भार त्यांवर घ्यावा. विटा व दगड मुळीच वापरू नयेत. वीट पूर्वसूचना न देता फुटते. काढलेले चाक झाडास दोराने बांधून उभे ठेवावे आणि मुलांना त्या बाजूस फिरकू देऊ नये.

नट न निघाल्यास छिन्नीने फोडावा. गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग ट्रॅक्टरवर चढविण्याचा मोह टाळावा. बाजूस टायर, तारा आणि डिझेलची नळी असते. पट्टीला वेल्डिंग करावयाचे असल्यास ती सोडवून दूर नेऊन करावे.

रंगाच्या बाबतीत बहुतेकांचे लक्ष बाहेरच्या बाजूकडे असते, पण खरा रंग आतून हवा. पत्रा पोलादी ब्रशाने घासून, तेलकटपणा पुसून, दोन्ही बाजूंस रेड ऑक्साइडचा हात द्यावा. तो पुरता वाळल्यावर आतून डांबरी रंगाचे दोन हात आणि बाहेरून कंपनीच्या छटेचा रंग द्यावा. भोकांच्या कडा विसरू नयेत, गंजाचा प्रवेश तेथूनच होतो. जुन्या ट्रॅक्टरच्या मूळ रंगात शिसे असण्याचा संभव आहे, म्हणून तो घासताना पाणी लावून घासावा आणि नाकातोंडावर फडके बांधावे.

बसविताना प्रत्येक बोल्टाखाली रुंद वायसर आणि पत्रा व पट्टी यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. त्याने थरथर कमी होते. सर्व बोल्ट हाताने लावून झाल्यावरच पान्याने आवळावेत. टायर व पत्रा यांच्यात चार बोटांचे अंतर सर्वत्र राहिले पाहिजे, कारण पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल टायरवर जाड थराने चढतो. इंजिन सुरू करून हायड्रॉलिकचे हात अगदी वरपर्यंत उचलून पाहावेत आणि बैठकीजवळचा दांडा पत्र्यास कोठे घासत नाही याची खात्री करावी.

एवढे सगळे होऊनही मागला दिवा पेटत नाही, अशी तक्रार पुष्कळदा येते. दोष बल्बाचा नसतो. जुन्या ट्रॅक्टरांत दिव्याचा परतीचा प्रवाह मडगार्डाच्या पत्र्यातूनच जातो, आणि नवा रंग व ट्यूबचा तुकडा मिळून तो अडवितात. दिव्याच्या बुडापासून ट्रॅक्टरच्या अंगापर्यंत एक वेगळी तार ओढली की काम झाले. उसाच्या हंगामात रात्री कारखान्याच्या रस्त्यावर जाणाऱ्यांनी हे मुद्दाम पाहावे, आणि त्याच वेळी मडगार्डाच्या मागील अंगास लाल परावर्तकही लावून घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम एखाद्या ट्रॅक्टरवर सर्वांसमक्ष करवून दाखविल्यास फार उपयोग होईल. वैशाखातील उन्हाळी नांगरट आटोपल्यावर आणि मृगाच्या पेरणीपूर्वी जे चार मोकळे दिवस मिळतात, ते त्यास सोयीचे. चाक काढले असेल, तर त्याचे नट पहिल्या दिवसाच्या अखेरीस पुन्हा आवळावेत. मडगार्डाचे बोल्ट आठ-दहा तासांच्या कामानंतर एकदा, आणि पेरणी संपल्यावर पुन्हा एकदा.